घरातली जुनी गदा, जुनी ढाल

महाराष्ट्र केसरी कुस्ती स्पर्धेचं पहिलं अधिवेशन 1961 साली औरंगाबादेत झालं आणि दिनकर दह्यारी पहिले मानकरी ठरले. त्यामुळे त्याच जिल्ह्यातल्या सोयगावसारख्या तालुक्यात एखाद्या जुन्या मल्लाच्या घरी गदा, ढाल किंवा चषक सापडला, तर तो मोडीत घालण्याआधी नीट पाहायला हवा.

मानाच्या गदेला आत लाकूड आणि वरून चांदीचा पत्रा असतो. म्हणून एकूण वजनाला चांदीचा भाव लावणं साफ चूक. जुन्या चषकाच्या तळाशी ‘ईपीएनएस’ असा शिक्का असेल, तर तो फक्त चांदीचा मुलामा. पण संग्राहक धातूपेक्षा कोरलेलं नाव, साल, गाव आणि वजनगट बघतो. सोबत त्या दिवसाचं छायाचित्र किंवा वर्तमानपत्राचं कात्रण असेल, तर वस्तूची खात्री पटते आणि किंमत चढते. घासूनपुसून चकाकी आणण्याच्या नादात अक्षरं झिजतात. हे नुकसान भरून येत नाही.

शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली येते. ती खासगी व्यक्तीला परदेशी विकायला पाठवता येत नाही.