[शहर] म्हणजे कोणतं शहर? वेळापत्रकाच्या पानामागची गोष्ट

रमजानच्या वेळापत्रकाचं आमचं पान एका रात्री उघडलं, तर वर मोठ्या अक्षरांत होतं : ‘आज [शहर] येथे सहरीची वेळ संपणार’. पातूरच्या वाचकांनी लगेच फोटो पाठवले. एकाने विचारलं, “हे [शहर] कुठं आलं भाऊ?” हसण्यासारखीच गोष्ट, पण चूक आमची होती. म्हणून हे नेमकं काय असतं, ते आज समजून घेऊ.

निकाहनाम्याचा छापील फॉर्म आपण सर्वांनी पाहिला आहे. मजकूर तोच, वर, वधू, मेहर आणि तारीख यांच्या जागा रिकाम्या. काझीसाहेब त्या भरतात. वेबसाइटवरही तसंच असतं. अकोला जिल्ह्यात 7 तालुके आहेत. प्रत्येकासाठी 30 दिवसांचा मजकूर वेगळा लिहायचा म्हटला, तर 210 पानं होतील. त्याऐवजी आम्ही एकच पान लिहितो आणि नाव, तारीख, वेळ यांच्या जागी खुणा ठेवतो. या खुणेला प्लेसहोल्डर म्हणतात.

2003 साली सुरू झालेल्या वर्डप्रेसमध्ये चौकोनी कंसातल्या अशा खुणांची सोय 2008 च्या 2.5 आवृत्तीत आली. तिला शॉर्टकोड म्हणतात. साठवलेला मजकूर बदलत नाही. तुम्ही पान उघडता तेव्हा प्रोग्राम खूण शोधतो, यादीतून ‘पातूर’ आणि आजची वेळ उचलतो, खुणेच्या जागी ठेवतो आणि मग पान तुमच्या मोबाइलवर पाठवतो. यादीत एकदा दुरुस्ती केली की सगळीकडे दुरुस्त होते.

मग चुकतं कुठं?

पहिली गोष्ट, खुणेचं स्पेलिंग. प्रोग्रामला [शहर] ठाऊक आहे. [शेहर] लिहिलं तर तो ओळखत नाही आणि कंसासकट तसंच छापतो. आमचं हेच झालं होतं, फक्त उलट्या बाजूने : यादीत नाव चुकीचं टाकलं होतं.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. शहर कळलं नाही तर काय दाखवायचं? बरेच जण तिथे ‘मुंबई’ ठेवून देतात. पण पृथ्वीला एक रेखांश फिरायला 4 मिनिटं लागतात आणि पातूर मुंबईच्या पूर्वेला सुमारे 4 रेखांशांवर आहे. म्हणजे आपल्याकडे पहाट साधारण 16 मिनिटं आधी होते. मुंबईची वेळ पाहून पातूरचं घर सहरी करत बसलं, तर रोजाच धोक्यात. कंस उघडा दिसला तर वाचक सावध होतो. चुकीची वेळ नीटनेटकी छापली, तर कुणाला शंकाही येत नाही. म्हणून आता शहर कळलं नाही तर आम्ही वेळ दाखवतच नाही. ‘आपलं गाव निवडा’ एवढंच दिसतं.

तिसरी गोष्ट आपल्या मराठीची. ‘[शहर]ची वेळ’ लिहिलं, तर ‘पातूरची’ बरोबर येतं, पण अकोल्याचं ‘अकोलाची’ होतं. म्हणून यादीत दोन रकाने ठेवले : ‘अकोला’ आणि ‘अकोल्या’, ‘तेल्हारा’ आणि ‘तेल्हाऱ्या’.

चौथी गोष्ट, साठवलेली प्रत. पान लवकर उघडावं म्हणून सर्व्हर भरून तयार झालेलं पान जपून ठेवतो. त्यामुळे आज कालचीच वेळ दिसू शकते. ती जुनी प्रत रोज मध्यरात्री पुसायची व्यवस्था करावी लागते.

आमच्या बाजूने आम्ही तपासतोच. तरी पान कोणाचंही असो, वेळेआधी गावाचं नाव आणि तारीख वाचा. शंका वाटली तर मोहल्ल्यातल्या मशिदीत लावलेला तक्ता पाहा आणि आम्हालाही कळवा.