गाडी दारात आली. पण नावावर झाली का?

खानापूर तालुक्यातील आमच्या गावी एक वृद्ध मास्तर राहतात. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी आपली जुनी मोटरसायकल एका ओळखीच्या तरुणास विकली. पैसे मोजून घेतले, किल्ली दिली, नोंदणीचे पुस्तक दिले आणि त्या तरुणाने पुढे केलेल्या कोऱ्या फॉर्मांवर सह्याही करून दिल्या. "पुढचे सारे मी पाहतो, मास्तर," असे तो म्हणाला आणि मास्तरांनी गाडीचा विषय मनातून काढून टाकला.

चार वर्षांनी त्यांच्या दारी कोर्टाचे समन्स आले. मधल्या काळात ती गाडी आणखी दोघांच्या हाती गेली होती. बेळगावात तिची धडक बसून एक पादचारी कायमचा अधू झाला होता. गाडीचा विमा केव्हाच संपला होता आणि सरकारी दप्तरात मालक म्हणून नाव होते ते आमच्या मास्तरांचे! "अहो, मी ती गाडी विकून टाकली आहे. चार वर्षांत ती माझ्या दृष्टीसही पडलेली नाही," असे ते वकिलांस कळवळून सांगू लागले. वकिलांनी एवढेच विचारले, "पण घेणाऱ्याच्या नावावर करून दिली होतीत का?" मास्तरांपाशी ह्या प्रश्नाला उत्तर नव्हते.

वाचकहो, गाडी विकली म्हणजे जबाबदारी सुटली, हा समज आपल्या गावोगावी दृढ झालेला आहे. कायदा मात्र तसे मानीत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात 'मालक' ह्या शब्दाची व्याख्याच अशी आहे की, ज्याच्या नावे वाहनाची नोंदणी आहे तो मालक. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ह्याच प्रश्नाचा निकाल दिला. त्या खटल्यातील मोटार एकामागून एक अनेकांस विकली गेली होती. नोंदवहीत मात्र पहिलेच नाव कायम होते. अपघातात सापडलेल्या कुटुंबाने गाडी कोणी कोणास विकली ह्याचा माग काढीत हिंडावे, अशी अपेक्षा करता येणार नाही. ज्याचे नाव दप्तरी आहे त्यानेच भरपाई द्यावी, असे न्यायालयाने ठरविले. विचार केल्यास ह्यात अन्याय नाही. ज्याचा पाय गेला त्याने दाद कोणापाशी मागावी?

मास्तरांची ही हकीकत ताजी असतानाच माझा भाचा बेळगावच्या उद्यमबागेत एका कारखान्यात नोकरीस लागला. खोली टिळकवाडीत. कामाची पाळी कधी सकाळची, कधी रात्रीची. रात्रीच्या वेळी बस मिळेना, तेव्हा तो मला म्हणाला, "मामा, मला एक मोटरसायकल पाहून द्या." त्या निमित्ताने जे पाहिले, शिकलो, ते आपल्या वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे लिहीत आहे.

लहान गाडी बरी

भाच्याच्या मनात एक थोरली, धडधडणारी गाडी भरली होती. मी त्याला तीनच प्रश्न विचारले. गाडी कोठे चालवायची? मागे कोण बसणार? आणि पेट्रोलचे पैसे कोणाच्या पगारातून जाणार? तिसऱ्या प्रश्नाला तो हसला, आणि निम्मे काम झाले.

शहरात गाडी पळविण्यास जागाच नसते. चौक, रेल्वेचे फाटक, बाजारातील गर्दी ह्यांतून ताशी तीस-चाळीस किलोमीटरच्या वर क्वचितच जाता येते. अशा चालीला १०० ते १२५ सी.सी.चे इंजिन पुरेसे असते. १०० सी.सी.च्या गाडीचे वजन साधारणतः ११० ते ११५ किलो भरते; साडेतीनशे सी.सी.ची जड गाडी १९० किलोंच्या पुढे जाते. म्हणजे तांदळाच्या दीड पोत्याहून अधिक ओझे नवशिक्याने दर थांब्यावर पायांवर तोलून धरायचे! म्हणून गाडीवर बसल्यावर दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकतात की नाही, हे प्रथम पाहावे. टेकत नसतील तर ती गाडी कितीही देखणी असली तरी आपली नव्हे. पेट्रोलच्या बाबतीतही लहान गाडी लिटरला पन्नास-साठ किलोमीटर सहज देते.

घरात बायकामाणसे मागे बसणार असतील तर आणखी एक गोष्ट पाहावी. मागे बसणाऱ्याला धरण्यास मूठ, पाय ठेवण्यास आधार आणि लुगड्याचा पदर किंवा ओढणी चाकात अडकू नये म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारी जाळी, ह्या तीन वस्तू केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे गाडीला असल्याच पाहिजेत. हौशी तरुण शोभेसाठी ती जाळी काढून टाकतात. जुनी गाडी घेताना ती नसेल तर आधी बसवून घ्यावी आणि मगच कोणास मागे बसवावे.

जुनी गाडी पारखताना

पैशाच्या मानाने आम्ही जुनी गाडी पाहण्याचे ठरविले. अशा वेळी ओळखीचा मिस्त्री बरोबर न्यावा. पण चार गोष्टी आपणही पाहू शकतो.

गाडी पाहण्यास गेल्याबरोबर इंजिनाजवळ हात नेऊन पाहावा. ते आधीच गरम असेल तर विकणाऱ्याने गाडी तापवून ठेवली आहे, असे समजावे. थंड गाडी चालू होताना जी कुरकूर करते ती त्याला लपवायची असेल. चालू झाल्यावर निळसर धूर येत असेल तर इंजिन ऑइल जाळीत आहे. पुढच्या शॉकअब्सॉर्बरच्या नळ्यांवर तेलाचे ओघळ नसावेत. साखळी फार सैल नसावी आणि तिच्या चक्राचे दात झिजून टोकदार झालेले नसावेत. सरळ रस्त्यावर चालविताना गाडी एका अंगाला ओढत असेल तर ती कधीतरी आपटलेली आहे, हे ओळखावे.

ह्या साऱ्याहून महत्त्वाची तपासणी मात्र कागदाची आहे. गाडीच्या सांगाड्यावर चॅसिस क्रमांक आणि इंजिनावर इंजिन क्रमांक कोरलेला असतो. तो पुस्तकातील क्रमांकाशी अक्षर न् अक्षर जुळवून पाहावा. ती जागा खरडलेली किंवा नव्याने रंगविलेली दिसली, तर किंमत कितीही कमी असो, नमस्कार करून घरी परतावे. पुस्तकावर एखाद्या बँकेचा किंवा पेढीचा बोजा नोंदलेला आहे का, तेही पाहावे. कर्ज फिटले असले तरी त्या बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ दाखल करून बोजा उतरविल्यावाचून गाडी मोकळी होत नाही. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडून घेत असल्यास त्याचे अधिकारपत्र मागावे. १ एप्रिल २०२३ पासून अशा व्यापाऱ्यांनी परिवहन कार्यालयाकडून ते घेणे आवश्यक झाले आहे.

सीमेपलीकडची स्वस्ताई

आता आमच्या सीमाभागातील एक खास मोह सांगतो. भाच्याला कोल्हापूरची एक गाडी कळली. नंबर 'एम.एच. ०९', किंमत बेळगावच्या मानाने सात-आठ हजारांनी कमी. "मामा, कोल्हापूर काय परदेश आहे?" असे त्याचे म्हणणे. माणसांना, सोयरिकींना आणि बाजारहाटाला ती सीमा नाही, हे खरे. गाडीच्या नोंदणीला मात्र ती आहे.

दुसऱ्या राज्यातील गाडी घ्यायची तर विकणाऱ्याने आधी तिकडील कार्यालयातून फॉर्म २८ चा ना-हरकत दाखला, म्हणजे ज्याला आपण एन.ओ.सी. म्हणतो तो काढला पाहिजे. गाडी चोरीची किंवा गुन्ह्यात गुंतलेली नाही आणि तिचा कर व दंड थकलेला नाही, हे पाहूनच तो दाखला मिळतो. नंतर इकडे कर्नाटकात फॉर्म २७ भरून नवा नंबर घ्यायचा आणि येथील आजीवन कर नव्याने भरायचा. आधीच्या राज्यात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो. पण त्यासाठी निराळा अर्ज आणि निराळी वाट पाहणे आलेच.

"बारा महिने चालते की!" असे पुष्कळजण सांगतात. त्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. स्वतःच्या नावाची गाडी घेऊन आपण दुसऱ्या राज्यात राहावयास गेलो, तर बारा महिन्यांहून अधिक काळ तेथे ठेवल्यास नवा नंबर घ्यावा लागतो, असा तो नियम आहे. दुसऱ्याच्या नावावरची गाडी विकत घेऊन वर्षभर तशीच फिरवावी, असा त्याचा अर्थ नाही.

आम्ही कागद-पेन्सिल घेऊन हिशेब केला. कर, फी, दोन्हीकडच्या फेऱ्या आणि बुडालेली हजेरी मांडली, तेव्हा ती स्वस्ताई उडून गेली. भाच्याने बेळगावातीलच 'के.ए. २२' नंबरची शंभर सी.सी.ची गाडी घेतली. गोवा, सिंधुदुर्ग किंवा हैदराबादेकडील वाचकांनीही गाडी घेण्यापूर्वी हाच हिशेब करावा.

नाव चढविण्याची रीत

एकाच राज्यातील गाडी असेल तर रीत अवघड नाही. फॉर्म २९ ही विकणाऱ्याने द्यावयाची सूचना आणि फॉर्म ३० हा नाव बदलण्याचा अर्ज. विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत कार्यालयास कळवावे, असे कायदा सांगतो. सोबत नोंदणीचे पुस्तक, चालू विमा, धूर-तपासणीचा दाखला, राहत्या पत्त्याचा पुरावा आणि ठरलेली फी. विम्याच्या कंपनीलाही चौदा दिवसांत कळवून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी.

येथे विकणाऱ्यांस हात जोडून सांगणे आहे की, कोऱ्या फॉर्मांवर सही करू नका. घेणाऱ्याचे नाव, पत्ता आणि तारीख आपल्यासमोर भरली जाऊ द्या, त्याची प्रत घरी ठेवा आणि महिन्याभराने नाव बदलले की नाही ते स्वतः पाहा. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर हे आता घरबसल्या पाहता येते. आमच्या मास्तरांनी एवढे केले असते तर!

नवी गाडी घेणाऱ्यांचे काम सोपे आहे. तिच्या नोंदणीचा अर्ज विक्रेत्यानेच करावयाचा असतो आणि नंबरची पाटी लागल्याशिवाय त्याने गाडी ताब्यात देऊ नये, असा २०१९ च्या दुरुस्तीपासूनचा नियम आहे. नोंदणी पंधरा वर्षे चालते. नंतर गाडी तपासून घेऊन तिची मुदत वाढवावी लागते.

आणखी एक प्रसंग घरोघरी येतो. वडील निवर्ततात आणि त्यांची गाडी मुलगा तशीच वापरू लागतो. दुःखाच्या दिवसांत कागद कोणास आठवणार? परंतु मृत्यूपासून तीस दिवसांत कार्यालयास कळविले, तर वारसाला तीन महिने ती गाडी वापरता येते आणि त्या मुदतीत फॉर्म ३१ भरून ती आपल्या नावावर करावयाची असते. २०२१ पासून नोंदणीच्या वेळीच वारसदाराचे नाव नोंदवून ठेवण्याची सोय झाली आहे. तिचा अवश्य लाभ घ्यावा.

वडिलांसाठी दोन शब्द

गाडी दारात उभी राहिली की घरातील धाकट्यांचे हात शिवशिवू लागतात. "एवढ्यात दुकानापर्यंत जाऊन येतो," असे चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा म्हणतो आणि आपणही कौतुकाने किल्ली देतो. गियरची मोटरसायकल चालविण्यास अठरा वर्षे पूर्ण असावी लागतात. आधी शिकाऊ परवाना, किमान तीस दिवस सराव, मग परीक्षा आणि पक्का परवाना, असा क्रम आहे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा घडला, तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पालकास किंवा मालकास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलास पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. दंडाची भीती राहू द्या. पण पोटच्या पोराच्या हाती आपण काय देत आहो, ह्याचा तरी विचार करावा.

शिरस्त्राणाविषयीही तेच. चालविणाऱ्याने आणि मागे बसणाऱ्यानेही आय.एस.आय. छापाचे हेल्मेट घालावे आणि त्याचा पट्टा हनुवटीखाली बांधावा. दांडीला लटकविलेले हेल्मेट डोके राखीत नाही.

भाच्याची गाडी त्याच्या नावावर झाली तेव्हा तो पेढे घेऊन गावी आला. मी म्हटले, "आधी मास्तरांकडे जाऊन ये." मास्तरांचा खटला अजून चालू आहे. तारखेच्या दिवशी सकाळी सातच्या बसने निघून ते बेळगावास जातात आणि दिवे लागल्यावर परततात. त्यांनी पेढा हातात घेतला, गाडीकडे एकवार पाहिले आणि ती कितीला पडली, किती धावते, हे काहीच न विचारता म्हणाले, "बाळ, पुस्तक दाखव पाहू."

त्यांनी चष्मा लावून मालकाच्या जागेवरचे नाव दोनदा वाचले, आणि मगच पेढा तोंडात घातला.