म्हाताऱ्या माणसाचे दुखणे वयावर ढकलू नका

"वय झालं, आता दुखायचंच." कुठल्याही गावच्या पारावर हे ऐकू येते. दम लागतो, घास जात नाही, अंग वाळत चालते. सगळे वयाच्या खात्यावर जमा! पण काही दुखणी वयाची नसतात. वेळेवर सांगितली तर माणूस वाचतो, झाकली तर हातचा जातो. आपल्या जिल्ह्यातल्या बार्शीने हे दाखवून दिले आहे.

बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालयात १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतील गावे तीत घेतली. दवाखान्यात बसून नुसते कागद भरण्यात अर्थ नव्हता. खेड्यातली कितीतरी माणसे दवाखान्यापर्यंत यायचीच नाहीत. म्हणून कार्यकर्ते गावोगाव गेले, लक्षणे समजावून सांगितली, त्रास असणाऱ्यांना तपासणीला राजी केले. काही वर्षांतच गर्भाशयमुखाचा कर्करोग झालेल्या बाया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत उपचाराला येऊ लागल्या. यात ना नवे औषध होते, ना मोठे यंत्र. फक्त वेळेवर सांगणे.

मग सांगायचे काय? पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर एखादा डाग जरी दिसला, तरी ती पाळी नव्हे. सासूबाई हे सुनेला सांगत नाहीत, मुलाला तर नाहीच. तेव्हा सुनेने किंवा आशाताईने आपणहून विचारावे. स्तनातली गाठ दुखत नाही म्हणून बरी, असे समजू नये. तंबाखू-मिश्रीवाल्यांच्या तोंडातला चट्टा किंवा जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, घास अडकू लागला, शौचावाटे रक्त गेले, कारण नसता वजन उतरले, तर तपासणी करून घ्यावी. दरवेळी कॅन्सरच निघतो असे नाही. पण तो नाही, हे डॉक्टरांनी सांगायचे, शेजाऱ्याने नव्हे.

काही लक्षणांना तर दिवसाचीही सवड नसते. तोंड वाकडे झाले, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, छातीत दाब आला, तर "बाजार करून जाऊ" म्हणू नका. लगेच १०८ ला फोन करा. मधुमेहवाल्याला छातीत न दुखताही हृदयविकाराचा झटका येतो. एकाएकी दम आणि दरदरून घाम आला, तर तेवढी खूण पुरे.

खर्चाच्या धास्तीनेही म्हातारी माणसे गप्प बसतात. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्ड काढता येते. योजनेतील रुग्णालयांत वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचे उपचार त्यावर होतात. सरपंच आणि ग्रामसेवकांनी गावातल्या सत्तरीपुढच्या माणसांची यादी करून, कार्ड कोणाचे राहिले ते ग्रामसभेत वाचून दाखवावे.

दावणीच्या बैलाने एक वेळ वैरण सोडली तर आपण डॉक्टर बोलावतो. घरातल्या म्हाताऱ्याने भाकरी सोडली, तर निदान "का" एवढे तरी विचारा.