मालकावाचून धंदा चालेल का?

नांदगावच्या बाजारात एक फेरी मारा. पिठाची गिरणी, सायकल दुरुस्तीचे दुकान, शिंपी, इस्त्रीवाला, केस कापण्याचे दुकान असे किती तरी लहान धंदे दिसतील. यांतले पुष्कळ धंदे एकाच माणसावर उभे असतात. माणूस उभा, तर धंदा उभा. माणूस आजारी पडला, की दुकानाला कुलूप.

समजा, एका गिरणीवाल्याला ताप आला. गिरणी आठ दिवस बंद राहिली. पहिल्या दिवशी बायका दळणाचे डबे घेऊन आल्या आणि परत गेल्या. दुसऱ्या दिवशी घरी येऊन विचारू लागल्या, "काय हो वहिनी, गिरणी कधी उघडणार?" तिसऱ्या दिवशी त्या दुसऱ्या गिरणीवर गेल्या. भाकरी काही कोणाच्या तापासाठी थांबत नाही! इकडे घरात औषधाचा खर्च वाढला आणि गल्ला रिकामा राहिला. पैशाची गरज सर्वांत जास्त, त्याच वेळी कमाई बंद. कर्जाची सुरुवात अशीच होते.

आता विचार करा. घरात बायको होती. मोठा मुलगा होता. गिरणीत कामाला एक गडीही होता. मग गिरणी बंद का पडली?

कारण गिरणीची सगळी माहिती मालकाच्या डोक्यात होती. उधारी कोणाकडे किती? पट्टा घसरला तर काय करायचे? दगडांना टाकी कधी लावायची? मोटर बिघडली तर कोणाला बोलवायचे? हे त्याला एकट्यालाच ठाऊक होते. मालक अंथरुणावर पडला आणि त्याच्याबरोबर धंदाही पडला.

यावर उपाय आहे का? आहे. नांदगावहून रेल्वेने मुंबईला जाता येते. त्या मुंबईत डबेवाल्यांचा धंदा आहे. तो पाहिला म्हणजे उपाय समजतो.

१८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी हा धंदा सुरू केला. घरचे जेवण कचेरीत नेऊन पोचवायचे, एवढेच काम. बच्चे जाऊन फार वर्षे झाली. तरी धंदा चालू राहिला. १९५६ साली डबेवाल्यांनी आपल्या संस्थेची ट्रस्ट म्हणून नोंदणी केली. एक वेळ अशी होती, की सुमारे ५,००० डबेवाले रोज दोन लाखांच्या आसपास डबे पोचवीत होते. पुणे जिल्ह्यातल्या मावळ, खेड, जुन्नर या भागांतली ही साधी माणसे. त्यांतली पुष्कळ जण थोडेच शिकलेली.

हे त्यांना कसे जमले? त्यांनी काम डोक्यात ठेवले नाही. ते डब्यावर लिहिले. डबा कोणत्या स्टेशनवर उतरवायचा, कोणत्या इमारतीत न्यायचा, कोणत्या मजल्यावर द्यायचा, हे डब्यावरच्या खुणांवरून कळते. पूर्वी रंगीत दोरे बांधत. पुढे रंगाने अक्षरे आणि आकडे काढू लागले. एकच डबा तीन-चार जणांच्या हातांतून जातो. पण खूण सगळ्यांना वाचता येते. म्हणून एक जण आला नाही, तरी दुसरा डबा उचलतो.

दुसरी गोष्ट. डबेवाले टोळीने काम करतात. टोळीला मुकादम असतो. तो हिशेब ठेवतो, भांडण मिटवतो. नियम मोडला तर दंड होतो. आणि तिसरी गोष्ट सर्वांत मोठी. टोळीतल्या माणसाला कमाईत वाटा मिळतो. काम आपलेच आहे, असे त्याला वाटते. मग त्याच्यामागे उभे राहून पाहावे लागत नाही.

आता आपल्या गिरणीकडे येऊ. आपण काय करावे?

पहिले, एक वही घाला. रोजचे काम तिच्यात क्रमाने लिहा. सकाळी मोटर लावण्याआधी काय पाहायचे, ते लिहा. दळणाचा क्रम लिहा. बाजरीवर लगेच गहू दळला, तर पोळी काळी होते आणि गिऱ्हाईक बोलते! दर भिंतीवर लावा. मोटर दुरुस्त करणाऱ्याचा फोन नंबर दारामागे लिहा.

दुसरे, प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावा. नाव, धान्य, वजन, आणि पीठ जाड हवे की बारीक, एवढे पुरे. मग "मावशी, हे दळण कुणाचं?" असे विचारत बसायला नको.

तिसरे, प्रत्येक काम निदान दोघांना शिकवा. मुलीला शिकवा, सुनेला शिकवा, गड्यालाही शिकवा. "त्याला सगळं शिकवलं तर तो आपलीच गिरणी काढील," अशी भीती काही जणांना वाटते. पण शिकवले नाही, तर आपण एक दिवसही आजारी पडू शकत नाही. गड्याला पगार वेळेवर द्या. महिन्याच्या नफ्यात थोडा वाटाही द्या. मग तो टिकेल.

चौथे, हिशेब असा ठेवा, की कोणालाही पडताळता यावा. किती किलो दळले आणि किती पैसे आले, ते रोज लिहा. सकाळ-संध्याकाळ विजेच्या मीटरचा आकडाही लिहा. एखाद्या दिवशी वीज नेहमीइतकीच जळली आणि दळण मात्र निम्मेच लिहिले, तर विचारायला जागा आहे. कदाचित पट्टा सैल असेल, कदाचित लिहायचे राहिले असेल. माणसावर संशय घेण्याआधी वही पाहा.

मग परीक्षा घ्या. आधी अर्धा दिवस गिरणीवर जाऊ नका. मग एक दिवस, मग आठ दिवस. त्या वेळात घरी जे जे विचारायला येतील, ते वहीत राहून गेलेले समजा. लगेच लिहून टाका.

मालकावाचून धंदा म्हणजे मालकाने झोपा काढायच्या, असे मात्र नव्हे. गिऱ्हाईक का कमी झाले, नवे यंत्र घ्यावे का, याचा विचार मालकालाच करावा लागतो. आणि शिल्लकही लागते. मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे मुंबईच्या लोकल सर्वांसाठी बंद झाल्या. कचेऱ्या बंद झाल्या. तेव्हा डबेवाल्यांची इतकी चांगली व्यवस्थाही थांबली. पुष्कळांना गावी परतावे लागले. नीट व्यवस्था असली, तर एका माणसाच्या आजारातून धंदा वाचतो. सगळे गिऱ्हाईकच थांबले, तर गाठीची शिल्लकच कामी येते. म्हणून गल्ल्यातले थोडे पैसे दर आठवड्याला बँकेत किंवा पोस्टात टाकावेत.

आपण लिहायला शिकलो, ते फक्त सही करण्यासाठी नाही. आज रात्री वही उघडा. पहिल्या पानावर लिहा : "मी उद्या आलो नाही, तर दुकान कोण उघडेल? त्याला काय काय सांगावे लागेल?" उत्तर लिहायला बसा. पान भरेल, दुसरे घ्यावे लागेल. ते लिहून होईल, त्या दिवसापासून धंदा एका माणसाच्या तापावर अवलंबून राहणार नाही.