हृदयाची जखम कशी भरते?

मधल्या सुट्टीत एखादा मुलगा पटांगणावर पडतो, गुडघा फुटतो. दुसऱ्या दिवशी तो भाग लाल होतो, सुजतो, हाताला गरम लागतो आणि ठणकतो. दाहाची ही चार लक्षणे केल्सस या रोमन लेखकाने इसवी सनाच्या पहिल्या शतकातच नोंदवली होती. ‘दाह’ हा शब्द आम्हाला थोडा फसवा वाटतो. त्यातून फक्त आग होणे सुचते. दुरुस्तीचे काम सुरू झाले आहे, हे सुचत नाही.

हृदयविकाराचा झटका हीदेखील एक जखमच, पण आत झालेली. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या करोनरी धमनीत गुठळी होते आणि पुढच्या भागाला प्राणवायू मिळेनासा होतो. साधारण २० ते ४० मिनिटांनंतर तेथील पेशी मरू लागतात. कातडीच्या पेशी सतत नव्या तयार होतात, हृदयाच्या स्नायुपेशी मात्र जवळजवळ नाहीत. अणुचाचण्यांमुळे हवेत मिसळलेल्या कार्बन-१४ चा आधार घेऊन स्वीडनमधील संशोधकांनी २००९ मध्ये याचा हिशेब मांडला. पंचविशीत वर्षाला सुमारे १ टक्का पेशी नव्या येतात, तर पंचाहत्तरीत अर्धा टक्कासुद्धा नाही! म्हणून हृदयाची जखम नव्या स्नायूने भरत नाही, व्रणाने भरते.

हे भरणे कसे होते? मरणाऱ्या पेशी फुटून त्यांतील द्रव्ये बाहेर सांडतात. डॉक्टर रक्तात जे ट्रोपोनिन तपासतात, ते त्यांपैकीच एक. या सांडण्यामुळे शरीराला धोक्याची सूचना मिळते आणि काही तासांतच न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी तेथे गर्दी करतात. त्यांच्याजवळची विकरे आणि ऑक्सिजनची तीव्र क्रियाशील रूपे ही मुळात जंतूंशी लढण्याची सामग्री. येथे तर जंतू नसतातच. मग वाचू शकल्या असत्या अशा शेजारच्या पेशींनाही तिची झळ बसते.

त्यांच्यामागून मॅक्रोफेज या भक्षकपेशी येतात. आधी त्या मृत पेशी गिळून जागा साफ करतात. नंतर त्यांचेच काम पालटते आणि त्या कोलॅजेनचे धागे विणणाऱ्या पेशींना कामाला लावतात. जुन्या घराचे कुजलेले वासे काढले आहेत आणि नवे अजून बसायचे आहेत, अशी अवस्था मध्यंतरी येते. पहिल्या आठवड्यात हृदयाची भिंत क्वचित फाटते, ती या काळात. व्रण पक्का व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात.

मग दाह औषधाने दाबूनच का टाकू नये? हा प्रश्न वर्गात हमखास येईल. १९७० च्या दशकात स्टेरॉइड देऊन हे करून पाहिले गेले. वारंवार मात्रा दिलेल्या रुग्णांमध्ये इजा उलट वाढल्याचे अमेरिकेतील डॉक्टरांनी १९७६ मध्ये नोंदवले. सफाईच थांबवली तर दुरुस्तीही अडते. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या झटक्यानंतर टाळायला सांगतात, त्यामागे जे धोके आहेत त्यांत हाही एक आहे. (ॲस्पिरिनची गोष्ट वेगळी, ते गुठळी होऊ नये म्हणून देतात.)

पुढे सरसकट दाह दाबण्याऐवजी त्यातला एकच दुवा तोडण्याचे प्रयत्न झाले. पूर्वी झटका येऊन गेलेल्या १०,००० हून अधिक रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. इंटरल्युकिन-१ बीटा हा निरोप्या रेणू अडवल्यावर पुन्हा झटका, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण सुमारे १५ टक्क्यांनी घटले. पण जीवघेणे जंतुसंसर्ग थोडे वाढले. गाउटवरचे जुने, स्वस्त औषध कोल्चिसिन झटक्यानंतर ३० दिवसांच्या आत सुरू केले, तर असे प्रसंग ७.१ वरून ५.५ टक्क्यांवर येतात, असे २०१९ मध्ये दिसले. सगळ्यांनाच हायसे वाटले. मात्र २०२४ मध्ये ७,००० हून अधिक रुग्णांच्या दुसऱ्या चाचणीत त्याच औषधाचा फायदा आढळला नाही. औषध कोणाला द्यावे आणि नेमके कोणत्या दिवशी, यावर आता संशोधकांचा वाद चालू आहे.