बोलिंगच्या चेंडूच्या पोटातले 45 अंश

टेनपिन बोलिंगचा चेंडू हातातून सुटतो, लेनवरच्या तेलावरून चाळीसेक फूट जवळजवळ सरळ घसरत जातो आणि मग एकदम आत वळतो. हे वळण हवंच असतं. पहिल्या पिनेच्या बगलेत चेंडू साधारण 6 अंशांनी शिरला, तर दहाही पिना पडण्याची शक्यता सर्वांत जास्त. 60 फूट लांब आणि जेमतेम साडेएकेचाळीस इंच रुंद लेनवर सरळ टाकलेल्या चेंडूला 2 अंशही जमत नाहीत.

चेंडू वळतो तो हाताने दिलेल्या तिरक्या फिरकीमुळे आणि तेल संपल्यावरच्या घर्षणामुळे. पण त्या घर्षणाचा पुरेपूर फायदा करून देतो चेंडूच्या पोटातला जड गाभा. हा गाभा गोल नसतो, बरेचदा विजेच्या बल्बच्या घडणीचा असतो. त्याचा माथा कुठे आहे हे कळावं म्हणून कवचावर एक रंगीत ठिपका ठेवलेला असतो.

परत आलेला चेंडू पुसायच्या आधी जरा निरखून पाहा. त्यावर तेलाची एकच कडी नसते. दोन जागी एकमेकींना छेदणाऱ्या आणि मध्ये फाकत गेलेल्या अनेक कड्या दिसतात. म्हणजे फिरता फिरता चेंडूचा अक्षच चेंडूतून सरकत होता! त्यामुळे दर फेरीला कवचाचा नवा, कोरडा पट्टा लेनला लागतो आणि पकड घेतो.

अक्ष सरकतो, कारण गाभ्यामुळे वस्तुमान सगळ्या अक्षांभोवती सारखं पसरलेलं नसतं. हा पसारा घूर्णन त्रिज्येने मोजतात. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान त्रिज्येत नियमाने जास्तीत जास्त 0.060 इंचाचा फरक चालतो. दीड मिलिमीटर! तेवढ्यावर सात किलोंचा चेंडू आपला अक्ष हलवतो.

बोटांची भोकं कुठे पाडली, त्यावर फिरण्याचा अक्ष गाभ्याशी किती कोन करणार हे ठरतं. ठिपका अक्षाच्या टोकावरच आला तर गाभा उभाच फिरतो, अक्ष जागचा हलत नाही. ठिपका तिथून नेमका पाव परीघ, म्हणजे 6¾ इंच दूर गेला, तर गाभा आडवा होतो आणि अक्ष तेव्हाही जवळपास जागेवरच राहतो. या दोहोंच्या बरोबर मध्ये, 3⅜ इंचांवर, तो सर्वांत जास्त सरकतो. तिथे कोन 45 अंशांचा असतो. सरकण्याचा वेग कोनाच्या साइन आणि कोसाइनच्या गुणाकारावर चालतो, आणि हा गुणाकार 45 अंशांनाच सर्वाधिक असतो. शाळेतलं त्रिकोणमितीचं कोष्टक याहून सुंदर कामाला लागलेलं मी पाहिलेलं नाही.

हाताची ठेवण प्रत्येकाची वेगळी, म्हणून जाणकार ड्रिलर आधी खेळाडूचा अक्ष शोधतो, मगच ड्रिल हातात घेतो. पूर्वी तोल साधायला एक जादा भोक पाडता येई. अमेरिकेच्या बोलिंग काँग्रेसने 2020 च्या ऑगस्टपासून ते बंद केलं, त्यामुळे आता सगळी भिस्त बोटांच्या भोकांवरच. चुकलीच जागा, तर भोकं बुजवून नव्याने पाडता येतात, आणि तोच चेंडू वेगळ्याच ठिकाणी वळू लागतो.