बीपीची गोळी आणि तिचे शेजारी

टेल्मिसार्टनची गोळी हवेतला ओलावा ओढून घेते. स्ट्रिपमधून काढून उघडी ठेवली की मऊ पडते, भुसभुशीत होते. कोकणातल्या जुलैत तर विचारायलाच नको. म्हणून घ्यायच्या वेळीच फॉइल फोडावी, असं तिच्या माहितीपत्रकात सांगितलेलं असतं. आणि नेमकी हीच गोळी आपल्याकडे आठवड्याच्या डबीत, सोम-मंगळ-बुध अशा खणांत, मोठ्या हौसेनं सोलून भरली जाते. डबी वाईट नाही, विसरभोळ्यांना तिचा आधारच आहे. फक्त टेल्मिसार्टन फॉइलसकट एकेक कापून खणात टाकावी, एवढंच.

रक्तदाबाच्या गोळ्यांबद्दल लोकांना भीती वाटते ती भलत्याच गोष्टीची. ‘एकदा सुरू झाली की जन्माची मागे लागते’, ‘किडनी खराब करते’ ही वाक्यं प्रत्येक लग्नाच्या पंगतीत ऐकू येतात. वास्तविक किडनी खराब करतो तो वर्षानुवर्षं चढा राहिलेला दाब. आजच्या बहुतेक गोळ्या तशा गुणी आहेत. घोटाळा होतो तो त्या आपण कशा हाताळतो आणि त्यांच्या जोडीला काय काय घेतो, यातून.

मेडिकलच्या काउंटरवर ‘पाचच द्या’ म्हटलं की दुकानदार कात्रीनं स्ट्रिप कापतो. बॅच नंबर आणि मुदतीची तारीख बहुधा एकाच टोकाला छापलेली असते, आणि ते टोक राहतं दुकानात. घरी येतो तो नावाचा अर्धा तुकडा. रोजचं, कायमचं औषध असेल तर अख्खी स्ट्रिप घ्यावी. तेवढे पैसे हाताशी नसतील तर बिल तरी मागावं. त्यावर बॅच आणि मुदत दोन्ही असतात.

मोठा धोका आहे तो नावांचा. रक्तदाबाची नेहमीची औषधं हाताच्या बोटांवर मोजता येतील. ब्रँड मात्र शेकडो. २०१७ साली सुरू झालेल्या ‘इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह’ या सरकारी उपक्रमाचं सूत्रच मुळी मोजकी औषधं ठरलेल्या क्रमानं देण्याचं होतं. महाराष्ट्रातले सातारा, भंडारा, वर्धा आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे त्यात आधी आले. प्राथमिक आरोग्य केंद्रात अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन अशा चढत्या पायऱ्या, आणि स्ट्रिपवर औषधाचं मूळ नाव. खाजगीत तसं नसतं. गावातल्या डॉक्टरांनी अ‍ॅम्लोडिपिन दिलेली असते. मग मुलगा पुण्याला हृदयरोगतज्ज्ञांकडे नेतो, ते टेल्मिसार्टन आणि अ‍ॅम्लोडिपिन एकत्र असलेली गोळी लिहितात. ब्रँडच्या शेवटी बारीक ‘एएम’ असतं, ते कुणी बघत नाही. जुनीही चालू, नवीही चालू. पंधरा दिवसांनी पाय सुजतात, उठताना भोवळ येते, आणि खापर फुटतं नव्या डॉक्टरांच्या ‘हेवी डोस’वर. ‘एएम’ म्हणजे सोबत अ‍ॅम्लोडिपिन, ‘एच’ म्हणजे बहुधा हायड्रोक्लोरोथायझाइड, ही लघवी वाढवणारी गोळी. हे पाठ करायची गरज नाही. चालू असलेल्या सगळ्या स्ट्रिपांचा, मागच्या बारीक अक्षरांसह, मोबाइलवर फोटो ठेवावा आणि कुठल्याही डॉक्टरांपुढे बसलं की आधी तो दाखवावा. दाताच्या डॉक्टरांपुढेसुद्धा.

आता गोळीच्या शेजाऱ्यांकडे वळू. त्यांतली सर्वांत दांडगी म्हणजे गुडघ्याची गोळी. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफिनॅक ही वेदनाशामकं शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात, दाब चढवतात आणि बीपीच्या गोळीचा जोर कमी करतात. ‘गोळी चालू आहे तरी बीपी खाली येत नाही’ या तक्रारीचं मूळ कित्येकदा उशीखालच्या या पाकिटात सापडतं. टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल, सोबत लघवीची गोळी आणि वर रोज वेदनाशामक असं त्रिकूट जमलं तर किडनीवर तीन बाजूंनी ताण येतो. उतारवयात, पाणी कमी प्यायल्यावर तर जास्तच. दुखण्यासाठी साधं पॅरासिटामॉल योग्य मात्रेत चालेल का, हे डॉक्टरांना विचारून ठेवावं. बाकी ‘काका, ही घ्या, लगेच उतरेल’ म्हणून काउंटरवरून सरकवलेली गोळी परत सरकवायला शिकायला हवं. सर्दीच्या गोळ्यांत नाक मोकळं व्हावं म्हणून घातलेलं फिनाइलएफ्रिन रक्तवाहिन्या आकसतं, तेव्हा तिथंही तीच सावधगिरी.

स्वयंपाकघरातही शेजारी आहेत. सैंधव उपासाला चालतं म्हणून बीपीलाही चालतं असं नाही. तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. अ‍ॅसिडिटीवरच्या फसफसणाऱ्या पावडरीत सोडियम भरपूर. खोकल्यासाठी रोज चघळलेलं ज्येष्ठमध पोटॅशियम उतरवून दाब चढवू शकतं. उलट बाजूला ‘लो सोडियम’ मीठ आहे. त्यात सोडियमच्या जागी काही प्रमाणात पोटॅशियम असतं, आणि टेल्मिसार्टन, रॅमिप्रिलसारखी औषधं आधीच पोटॅशियम वाढवतात. ज्यांची किडनी थोडीफार कमजोर आहे त्यांनी हे मीठ विचारल्याशिवाय सुरू करू नये, आणि या औषधांवर असताना क्रिएटिनिन-पोटॅशियमची रक्ततपासणी टाळू नये.

‘झाडपाल्याचं आहे, त्यानं काय होतंय’ म्हणणाऱ्यांसाठी एक मुंबईचाच दाखला. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधेनं रक्तदाब उतरतो हे आपल्या रुग्णांच्या नोंदींसह मांडलं आणि जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. तिच्यातून पुढे रेसर्पिन निघालं, जगभर वापरलं गेलं, आणि मग नाडी मंदावणं, मन उदास होणं असे परिणामही दिसू लागले. म्हणजे सर्पगंधा खरंच काम करते, आणि काळजीचं कारण तेच आहे. मेटोप्रोलॉल चालू असताना गुपचूप सर्पगंधेच्या वड्या घेतल्या तर दाब आणि नाडी दोन्ही नको तितकी खाली जाऊ शकतात. वैद्यांना अ‍ॅलोपॅथीचं आणि डॉक्टरांना वैद्यांचं सांगायला लाजू नये.

गोळी परस्पर बंद करणाऱ्यांना अ‍ॅम्लोडिपिन फसवते. तिचं अर्धं प्रमाण शरीराबाहेर जायलाच तीस ते पन्नास तास लागतात. त्यामुळे दोन दिवस न घेताही दाब बऱ्यापैकी राहतो आणि माणूस म्हणतो, ‘बघा, गरजच नव्हती.’ पंधरवड्यानं आकडा पुन्हा पहिल्याइतका चढतो, तेव्हा मोजायला कुणी जात नाही. मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल किंवा क्लोनिडिन तर एकदम सोडणं धोक्याचंच, दाब उसळून वर येऊ शकतो. एखादी वेळ चुकली तर आठवल्यावर घ्यावी. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्यावी. दोन एकदम नकोत. सकाळी की रात्री, यावर डोकं शिणवू नये. एकवीस हजारांवर रुग्णांच्या ब्रिटनमधल्या ‘टाइम’ चाचणीत, २०२२ साली, दोन्ही वेळांत फरक आढळला नाही.

त्रास होत असेल तर सांगावं, सोसू नये. रॅमिप्रिल, एनालाप्रिलनं काहींना कोरडा खोकला लागतो आणि घरात खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या साठत जातात. औषध बदललं की तो आठवड्या-महिन्यात जातो. दिवस राहिले असतील किंवा राहावेत असं वाटत असेल तर लगेच सांगावं, कारण ही औषधं आणि टेल्मिसार्टन गरोदरपणात चालत नाहीत, दुसरी देता येतात. जुलाब-उलट्या लागल्या, किंवा नवरात्रात निर्जळी धरायची असेल, तर लघवीची गोळी आणि टेल्मिसार्टन त्या दिवसांत घ्यावी की थांबवावी, हे आधीच विचारून घ्यावं.

रात्री मशीनवर १८०/१२० दिसलं तर घरच्यांची धावपळ होते आणि कुणीतरी जास्तीची गोळी पुढे करतं. पूर्वी निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली देत; त्यानं दाब एकदम कोसळून लकवा, हार्ट अटॅक आल्याची उदाहरणं घडली, तेव्हा तो प्रकार नको. छातीत दुखणं, दम लागणं, बोलणं अडखळणं, एका बाजूची ताकद जाणं, नजर अंधूक होणं यांपैकी काहीही असेल तर वेळ न घालवता १०८ ला फोन. यातलं काहीच नसेल तर पाठ टेकून, पाय जमिनीला लावून, न बोलता पाच मिनिटं बसावं आणि दंडाला पट्टा बांधून पुन्हा मोजावं. आकडा तरीही तेवढाच राहिला तर डॉक्टरांना त्याच रात्री फोन करावा, सकाळची वाट पाहू नये.